सुटका, क्षमा आणि सत्कार

सकाळचे फिरणे आटोपले की श्रीरामपूर रेल्वे स्थानकाच्या बाहेर आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी चहाला बसतो. कोणी शिक्षक होते, कोणी साखर कारखान्यात, कोणी वीज मंडळात. बँकेचा मी एकटाच. वर्तमानपत्र हातोहात फिरते आणि प्रत्येक बातमीवर निकाल दिला जातो. काही महिन्यांपूर्वी एका जन्मठेपेच्या कैद्याच्या सुटकेची बातमी होती. आमच्यापैकी एकजण सहज म्हणाले, "त्यात काय एवढे? जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. मुदत भरली, सुटला." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हे विधान चुकीचे आहे, हे मला ठाऊक होते. ते ठाऊक असण्यामागे माझ्या घरातील एक जुनी जखम आहे. तरीही मी गप्प बसलो, कारण त्या विषयावर बोलू लागलो तर कोठे थांबावे हे मला कळत नाही. घरी आल्यावर वाटले, बोलता येत नसेल तर निदान लिहावे.

जन्मठेप म्हणजे नेमके काय, हा प्रश्न स्वतंत्र भारतात ज्या खटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयापुढे ठळकपणे आला, त्याचा धागा आपल्या नगर जिल्ह्याशी जुळलेला आहे. तो खटला महात्मा गांधींच्या हत्येचा.

विष्णू करकरे हे नगरचे. अनाथाश्रमात वाढलेला हा माणूस नगरात डेक्कन गेस्ट हाऊस चालवी आणि नगरपालिकेवरही निवडून गेला होता. नारायण आपटे नगरच्या मिशन शाळेत शिक्षक होते. तेथे त्यांनी रायफल क्लब काढला होता. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी आपल्या दौंड-मनमाड मार्गावरील विसापूर येथे छावणी उघडली गेली. त्याच सुमारास पंजाबातून आलेला मदनलाल पाहवा हा तरुण करकरे यांच्या आश्रयाला आला. जानेवारी १९४८ मध्ये नगरात रावसाहेब पटवर्धनांची सभा उधळण्यात आली, त्यात मदनलाल पुढे होता. २० जानेवारीला त्यानेच दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात स्फोट घडवला आणि तो पकडला गेला. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, नथुराम गोडसे यांनी गोळ्या झाडल्या.

माझ्या लहानपणी घरातील थोरांच्या बोलण्यात हा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येई. ज्या जिल्ह्याच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांनी कारावास भोगला, त्याच जिल्ह्याचे नाव या कटातही यावे, याची त्यांना एक प्रकारची लाज वाटे. वडील एवढेच म्हणत, "आपल्याच गावात शिजत होतं आणि आपल्याला वास आला नाही."

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यासमोर खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. सावरकर निर्दोष सुटले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी आणि पाच जणांना जन्मठेप अशी शिक्षा झाली. अपिलात त्या पाचांपैकी दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या हे दोघे सुटले. राहिले तिघे : विष्णू करकरे, मदनलाल पाहवा आणि नथुरामचे धाकटे बंधू गोपाळ गोडसे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण पुढील विवेचनात ती महत्त्वाची आहे. गांधीजींचे दोन पुत्र, मणिलाल आणि रामदास, यांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ज्यांचे वडील गेले, त्यांची ती विनंती होती. सरकारने ती मान्य केली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात दोघांनाही फाशी झाली. म्हणजे पीडिताच्या मुलांनी दाखवलेली क्षमा एका बाजूला राहिली आणि राज्याचा निर्णय दुसऱ्या बाजूला. या दोन गोष्टी एक नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

उरलेले तिघे तुरुंगात वर्षे मोजत राहिले, आणि येथे माझ्यातला बँकवाला जागा होतो, कारण पुढचा वाद सर्वस्वी हिशेबाचा आहे. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे कैद्याला सूट मिळते. चांगल्या वागणुकीची, कामाची, शिकण्या-शिकवण्याची आणि सरकारने विशेष प्रसंगी जाहीर केलेली, अशा निरनिराळ्या खात्यांवर दिवस जमा होत जातात. गोपाळ गोडसे यांच्या नावावर सप्टेंबर १९६० अखेर असे २,८९३ दिवस जमा होते. सुमारे आठ वर्षे. नियमांमध्ये जन्मठेप ही हिशेबापुरती वीस वर्षे धरली जाई. गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात म्हणणे मांडले की, प्रत्यक्ष भोगलेला काळ आणि ही सूट यांची बेरीज वीस वर्षांच्या वर जाते. म्हणून शिक्षा पूर्ण झाली आहे आणि मला डांबून ठेवणे बेकायदेशीर आहे.

जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा अर्थ असा : जन्मठेप म्हणजे कैद्याचे उरलेले संपूर्ण नैसर्गिक आयुष्य. वीस वर्षे हा आकडा सूट मोजण्याच्या सोयीसाठी आहे, तो शिक्षेची मुदत नव्हे. जमा झालेले दिवस कैद्याला सुटकेचा हक्क देत नाहीत. उरलेली शिक्षा माफ करायची की नाही, हे सरकारने ठरवायचे.

बँकेत नोकरी केलेल्यांना हे लवकर समजेल. खातेदाराच्या नावावर रक्कम दिसते, पण ती काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते. मंजुरी आली तर ठीक, न आली तर पासबुकातील आकडा नुसता पाहत बसायचे.

मग 'चौदा वर्षे' हा आकडा आला कोठून? फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ साली ४३३-अ हे कलम घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, अशा गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी सोडता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. म्हणजे चौदा वर्षांनी दार उघडत नाही. चौदा वर्षांपूर्वी ते उघडता येत नाही, एवढेच. चहाच्या टपरीवर आपण किमान मर्यादेलाच शिक्षेची मुदत समजून बसलो आहोत.

१९६१ मध्ये न्यायालयात हरलेले गोपाळ गोडसे आणि त्यांचे दोन साथीदार अखेर १३ ऑक्टोबर १९६४ रोजी सरकारी आदेशाने सुटले. सोळा वर्षांहून अधिक काळ त्यांनी तुरुंगात काढला होता. सुटका कायद्यात बसणारी होती. त्याच वर्षी मे महिन्यात नेहरू गेले होते. देश चीनच्या युद्धातून नुकताच सावरत होता. कदाचित ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून विसरली गेली असती.

तसे झाले नाही. सुटकेला महिना होतो न होतो तोच पुण्यातील एका मंगल कार्यालयात सत्यविनायकाची पूजा आणि सुटून आलेल्यांचा सत्कार योजण्यात आला. शंभराहून अधिक लोक जमले. लोकमान्य टिळकांचे नातू आणि जुने संपादक ग. वि. केतकर त्या सभेत बोलले, आणि बोलता बोलता असे सांगून गेले की नथुरामचा विचार आपल्याला हत्येच्या आधीच माहीत होता. बातमी छापून आली आणि संसदेत व विधिमंडळात गदारोळ उडाला. आधी माहीत होते, तर कोणाकोणाला माहीत होते? ज्यांना कळले, त्यांनी काय केले? केतकरांना अटक झाली. गोपाळ गोडसे यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले आणि आणखी वर्षभर त्यांना बाहेरचे जग दिसले नाही. चौकशीसाठी आधी गोपाल स्वरूप पाठक आणि नंतर न्या. जीवनलाल कपूर यांची नेमणूक झाली. कपूर आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागदपत्रे पाहिली आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. आपले नगर, तेथील सापडलेली स्फोटके, पोलिसांकडून मुंबईला गेलेले अहवाल आणि त्यावर वेळेत न झालेली कारवाई, हे सारे त्या अहवालाच्या पानांवर आहे.

हा सारा इतिहास वाचताना माझे लक्ष एका गोष्टीवर खिळते. ऑक्टोबरात सुटका झाली तेव्हा देश फारसा हलला नाही. नोव्हेंबरात हार घातले गेले तेव्हा हलला. लोकांना सुटकेपेक्षा सत्कार अधिक झोंबला.

जगाच्या इतिहासातही हेच दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने शिक्षा दिलेले सात नाझी नेते बर्लिनच्या स्पांडाऊ तुरुंगात ठेवले गेले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी पाळीपाळीने पहारा द्यायचा, असा करार होता. तिघांना आजारपण आणि वय यांमुळे मुदतीआधी सोडले. ॲडमिरल डोनिट्झ दहा वर्षे भोगून १९५६ मध्ये सुटला. अल्बर्ट श्पेअर आणि शिराख पूर्ण वीस वर्षांनी १९६६ च्या ऑक्टोबरात मध्यरात्री बाहेर पडले. राहिला एकटा रुडॉल्फ हेस. शेकडो कैद्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत एकवीस वर्षे तो एकच कैदी होता. त्याला सोडावे, अशी मागणी अनेकांनी केली. पाश्चात्त्य राष्ट्रे अनुकूल होती, पण सोव्हिएत रशिया दीर्घकाळ नकार देत राहिला. ज्या देशाने त्या युद्धात कोट्यवधी माणसे गमावली, त्याचा तो नकार होता. दुसरीकडे न्यूरेंबर्गच्या न्यायालयात हेसनेही आपल्याला कशाचाच पश्चात्ताप नाही, असे सांगितले होते. १९८७ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी त्याने तेथेच आत्महत्या केली. त्यानंतर ती इमारत पाडून टाकण्यात आली, का तर तिचे तीर्थस्थान होऊ नये म्हणून. तरीही त्याच्या कबरीवर नव्या पिढीतील नाझी दरवर्षी जमू लागले. शेवटी २०११ मध्ये ती कबरही हलवावी लागली.

हेसच्या तुलनेत इतर शेकडो युद्धगुन्हेगार लवकर सुटले. जर्मनीतील लांड्सबर्ग आणि जपानमधील सुगामो हे दोन्ही तुरुंग १९५८ पर्यंत अशा कैद्यांपासून रिकामे झाले होते. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि अमेरिकेला जर्मनी व जपान मित्र म्हणून हवे होते. सुटकेचा निर्णय न्यायाच्या तराजूत होतो असे आपण मानतो. पुष्कळदा तो गरजेच्या तराजूत होतो. जपानशी शेजाऱ्यांचा वाद मात्र आजही धगधगतो, आणि त्याचे एक मोठे कारण असे की, १९७८ मध्ये टोकियोतील यासुकुनी मंदिरात चौदा प्रमुख युद्धगुन्हेगारांची नावे पूजनीय म्हणून दाखल करण्यात आली. सुटकेची आठवण फिकी झाली, पूजेची झाली नाही.

आपल्याकडचे अलीकडील उदाहरण वाचकांना आठवत असेल. २००२ च्या गुजरात दंगलीतील बिल्कीस बानो प्रकरणाचा खटला निःपक्षपातीपणे चालावा म्हणून मुंबईला हलवण्यात आला आणि २००८ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या सर्वांना मुदतीआधी सोडले. तुरुंगाबाहेर पेढे वाटले गेले, हार घातले गेले. जिच्या डोळ्यांसमोर तिचे कुटुंब मारले गेले, त्या बाईला कोणी विचारले नव्हते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रातील न्यायालयाने दिली असल्याने माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे, हे त्याचे मुख्य कारण. अकराही जण पुन्हा तुरुंगात गेले. १९६४ नंतर अठ्ठावन्न वर्षांनी तोच हार आणि तोच गदारोळ.

एवढे सारे लिहिल्यावर आता घरातील गोष्ट सांगण्याचे धैर्य करतो.

माझे काका धान्याचे आडत व्यापारी होते. १९७९ च्या उन्हाळ्यात नेवाशाच्या बाजूला उगराणीसाठी गेले असता परतीच्या वाटेवर त्यांचा खून झाला. जवळची रक्कम फार नव्हती. आरोपी तिघे होते. दोघे पुराव्याअभावी सुटले आणि एकाला जन्मठेप झाली. हा तिसरा पूर्वी आमच्याच दुकानात पोती उचलत असे. काकींच्या हातचे जेवण त्याने अनेकदा जेवले होते. मी तेव्हा वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या वर्गात होतो. काकी चौतीस वर्षांच्या होत्या, पदरात दोन मुली.

१९९५ साली मी जवळच्याच एका गावी शाखेत अधिकारी होतो. एके दिवशी खाते उघडण्याचा एक अर्ज माझ्या टेबलावर आला. नाव वाचले आणि मान वर करायला मला वेळ लागला. समोर तोच उभा होता, केस पांढरे झालेले, हातात एक धनादेश. तुरुंगातील कामाच्या मजुरीचा तो धनादेश होता, आणि तो वटवायला खाते लागत होते. आजच्यासारखी आधार कार्डे तेव्हा नव्हती. खाते उघडायचे तर शाखेतील जुन्या खातेदाराने ओळख द्यावी लागे. अर्जावरील ती जागा कोरी होती.

मी म्हणालो, "ओळख देणाऱ्याची सही नाही. नियमाप्रमाणे चालणार नाही."

तो म्हणाला, "साहेब, माझी ओळख कोण देणार?"

"तो बँकेचा प्रश्न नाही," मी म्हणालो.

त्याने मला ओळखले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. अर्ज उचलून तो मुकाट्याने गेला. नियम खरा होता. मी त्यात एक अक्षरही वाढवले नव्हते. पण इतर गरीब माणसे अशीच अडली असता आम्ही कर्मचारी स्वतः ओळख देत असू, हेही तितकेच खरे होते. त्या दिवशी मी नियमाच्या आड उभा राहून सूड घेतला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये ही मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती कोणत्याही तपासणी अहवालात आली नाही.

संध्याकाळी मी काकींकडे गेलो आणि सर्व सांगितले. खरे तर शाबासकीच्या अपेक्षेने सांगितले. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले, "चेक कसला होता?"

"तुरुंगातल्या मजुरीचा."

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तो त्याच्या कष्टाचा आहे. खातं उघडून दे." मी उठलो, तशा पुन्हा म्हणाल्या, "पण त्याला माझ्या दारात आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी शाखेच्या शिपायाला त्याच्या गावी पाठवले. ओळखीच्या जागी मी स्वतः सही केली. त्याने अंगठ्याऐवजी सही केली; तुरुंगात लिहायला शिकला होता. पुढे कित्येक वर्षे ते खाते चालू राहिले. मजुरीचे पैसे भरायचा, थोडे काढायचा. माझी बदली होईपर्यंत त्याने माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलला नाही आणि मीही नाही. काकींच्या दारात तो कधी आला नाही.

बरीच वर्षे गेल्यावर एका संवत्सरीला, क्षमापना करून झाल्यावर, मी काकींना धीर करून विचारले, "त्याला क्षमा केलीत का?" त्या म्हणाल्या, "ते माझं मी बघीन." आता त्या नाहीत. त्यांनी काय ठरवले होते, ते त्यांच्यासोबत गेले, आणि ते मला कळण्याचे काही कारणही नव्हते.

काकींची शाळा चौथीपर्यंत झाली होती. पण त्यांच्या त्या दोन वाक्यांत जो विवेक होता, तो मला पुढे मोठमोठ्या निकालपत्रांतही शोधावा लागला. खाते उघडून देणे ही एक गोष्ट आणि दारात घेणे ही दुसरी. पहिली गोष्ट समाजाने प्रत्येकाला देणे लागते. दुसरी देण्याचा अधिकार फक्त त्यांचा होता. माझा नव्हता, सरकारचा नव्हता, गावाचाही नव्हता.

बँकेत कर्ज बुडीत झाले की काही वर्षांनी आम्ही ते 'राइट ऑफ' करतो. वर्तमानपत्रात ते वाचून लोक समजतात की कर्ज माफ झाले. तसे नसते. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढलेली असते, कर्जदाराचे देणे शिल्लकच राहते. सुटकेचेही मला तसेच वाटते. सरकार आपल्या वहीतून शिक्षा काढून टाकते. ज्याचे माणूस गेले त्याच्या वहीतील नोंद सरकारला पुसता येत नाही. आणि गुन्हेगाराच्या स्वतःच्या वहीतील नोंद तर पश्चात्तापावाचून पुसली जात नाही, असे आपली परंपरा सांगते. गोपाळ गोडसे २००५ पर्यंत जगले. आपल्याला खंत नाही, हे ते अखेरपर्यंत उघडपणे सांगत राहिले. कायद्याच्या दृष्टीने ते १९६५ पासून पूर्ण मोकळे होते.

मग माणसाला मरेपर्यंत कोंडून ठेवावे का? माझे मन याला होकार देत नाही. त्र्याण्णव वर्षांच्या एका म्हाताऱ्यासाठी चार देशांचे सैनिक पहारा देत राहिले, यात न्यायापेक्षा हट्ट अधिक होता, असे मला वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका निकालात मुदतपूर्व सुटकेसाठी काही कसोट्या सांगितल्या आहेत : गुन्ह्याचा समाजावर व्यापक परिणाम झाला होता का, पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता आहे का, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, आणखी कोंडून ठेवण्यात काही हेतू साधतो का, कुटुंबाची स्थिती काय. या कसोट्या चांगल्या आहेत. त्यांत मी एक जोडीन : ज्याचे नुकसान झाले, त्याला आधी कळवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्याच्या हाती नकाराधिकार द्यावा असे मी म्हणत नाही. तो अधिकार त्या दुपारी माझ्या हाती होता आणि मी त्याचे काय केले, ते वर सांगितले आहे. पण आमच्या काकींना त्याच्या सुटकेची बातमी माझ्या तोंडून, बँकेच्या अर्जामुळे कळावी, हे बरोबर नव्हते.

आणि सत्कार मात्र कोणीही करू नये. तुरुंगातून आलेल्या माणसाला काम द्यावे, खाते उघडून द्यावे, रेशन कार्ड मिळवून द्यावे. पण त्याच्या गळ्यात हार घालू नये. हार घालणारा माणूस क्षमा करत नसतो, तो गुन्ह्याला मान देत असतो. ज्याचे काही गेलेले नाही, त्याने क्षमेची भाषा बोलणे सोपे असते, आणि म्हणूनच ते टाळावे.

आता चहाच्या टपरीवर पुन्हा कोणी 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' असे म्हणाले, तर मी मान डोलावणार नाही. एवढे तरी काकींसाठी मला केलेच पाहिजे.